स्वच्छ इंधनाच्या नियमाचा खर्च तुमच्या वहीत कुठे शोधायचा

छोट्या उद्योगांचे हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम. इंधनाचा नवा नियम आला की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: लिटरमागे किती वाढणार? मी त्यांना आधी वही उघडायला सांगते. लिटरच्या भावात या खर्चाचा एक तुकडा तेवढा दिसतो.

‘प्रवास व इंधन’ असं एकच खातं असेल तर ते आधी फोडा. गाड्यांचं इंधन वेगळं, जनरेटर-बॉयलरचं वेगळं, आणि बाहेरच्या वाहतूकदाराला दिलेलं भाडं वेगळं. ज्यांच्याकडे स्वतःची एकही गाडी नाही, त्यांना नियमाची झळ या तिसऱ्या खात्यातूनच लागते. बिलं पूर्ण वर्षाची घ्या, नाहीतर हंगामाचा चढउतार नियमाच्या माथी मारला जातो.

मग नियम नेमका कशावर बोट ठेवतोय ते पाहा.

गंधकावर असेल तर खर्च दोन वाटांनी येतो. युरोपात २००९ पासून आणि भारतात एप्रिल २०२० पासून डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग इतकी आहे. ते काढायला रिफायनरीला हायड्रोजन आणि नवी यंत्रणा लागते. हा खर्च भावात मिसळतो. दुसरी वाट नव्या गाडीची. धूर गाळणारा फिल्टर आला आणि बऱ्याच डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, भरावं लागतं. ते साधारणपणे डिझेलच्या ३ ते ५ टक्के लागतं. त्याची वेगळी ओळ ठेवा.

कार्बनवर असेल, जसा कॅलिफोर्नियात २०११ पासून किंवा कॅनडात जुलै २०२३ पासून आहे, तर मुख्य बंधन इंधन बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर असतं. इंधनातला कार्बन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्यांना कमी पडलेली क्रेडिट्स, म्हणजे स्वच्छ इंधन पुरवणाऱ्यांना मिळणारे गुण, विकत घ्यावी लागतात आणि तो भार लिटरच्या भावातून पुढे सरकतो. बिलावर तो वेगळा दिसेलच असं नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या गाड्यांसाठी चार्जर बसवणार असाल तर क्रेडिट मिळण्याची सोय आहे का, हे बसवण्याआधी विचारा.

मिश्रणाचा, म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल किंवा डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळण्याचा नियम असेल तर सावकाश हिशेब करा, कारण इथे भाव न वाढताही खर्च वाढतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. प्रत्यक्ष मायलेज किती उतरतं हे इंजिनावर अवलंबून असतं, म्हणून कुणाच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा पूर्ण भरा. असं काही भरण्यांचं सरासरी मायलेज काढा आणि दर किलोमीटर खर्च धरा. क्वचित चालणाऱ्या पेट्रोल जनरेटरच्या टाकीत असं मिश्रण महिनोन्‌महिने ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं. बायोडिझेल जुन्या टाकीतला साका सुटा करतं, त्यामुळे सुरुवातीला डिझेल फिल्टर लवकर चोंदतो. तो फिल्टर एकवेळचा खर्च म्हणून लिहा.

आता वाहतूकदाराचं पत्र. ‘इंधन १० टक्के महागलं, म्हणून भाडं १० टक्के वाढवतोय’ असं लिहिलेलं असतं आणि बरेच मालक मुकाट्याने मान्य करतात. भाड्यात इंधनाचा वाटा किती, हे विचारा. तो ३० टक्के असेल तर रास्त वाढ ३ टक्के होते. हाच गुणाकार स्वतःच्या धंद्यालाही लावा: एकूण खर्चात इंधन १२ टक्के आणि ते ५ टक्क्यांनी महागलं, तर एकूण खर्च ०.६ टक्क्याने वाढला.

हे नियम मला मनापासून हवेत. गाडीमागचा धूर आपले चालक आणि हमाल रोज छातीत घेतात. पण धास्तीपोटी भाव जास्त वाढवला तर गिऱ्हाईक तुटतं, आणि अजिबात वाढवला नाही तर तोटा हळूहळू साचतो. म्हणून वर्षभराच्या करारात इंधनाचा आजचा भाव आणि तारीख लिहून ठेवा. त्यात किती टक्के फरक पडला की दर बदलेल आणि किती बदलेल, हेही लिहा. भाव उतरला तर दरही उतरेल, असं कलम त्यात असू द्या. असं कलम असलं की समोरचा सही करायला फारसे आढेवेढे घेत नाही.