राऊटरचा बिट चालता चालता खाली सरकत होता, त्यावर सापडलेला उपाय

सागाच्या चौकटीत राऊटरने, म्हणजे लाकडात खाचा मारायच्या यंत्राने, 8 मिमी खोल खाच मारायची होती. सुरुवातीला माप बरोबर, शेवटाला खाच 10 मिमीच्या पुढे. बिट, म्हणजे फिरणारं पातं, त्याचा दांडा पकडून ठेवणाऱ्या कोलेटमधून हळूहळू बाहेर येत होता. नट आणखी आवळला, नवा बिट लावला, डेप्थचा स्क्रू तपासला, फरक शून्य. चांगलं लाकूड वाया जाताना जीव तुटत होता.

शेवटी व्हर्नियर लावला. बिटचा दांडा 6 मिमी, कोलेट पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी. कितीही आवळा, पकड येणार कशी? दांड्याला पॉलिश पेपर किंवा टेप गुंडाळायचा सल्ला बरेच जण देतात. तो अजिबात ऐकू नका. वीस-पंचवीस हजार आरपीएमला निसटलेला बिट कुठेही लागू शकतो.

मी केलं ते असं. आधी प्लग काढला, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नट-कोलेट काढून स्पिंडलच्या (मोटरच्या फिरत्या अक्षाच्या) आतला भुसा आणि राळ थिनरच्या फडक्याने पुसली, कोरडी केली. तेल लावलं नाही. मग 6 मिमीचा कोलेट नटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवला. बिट तळाला टेकवून 2-3 मिमी वर ओढला आणि मगच पान्याने आवळला. दांड्यावर कोलेटच्या कडेशी मार्करने रेघ मारली. गॉगल लावून, टाकाऊ तुकड्यावर 3-3 मिमीचे फेरे घेतले.

रेघ जागची हलली नाही. चौकटीची खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत 8 मिमी.