पायाशी मरून पडणारा आखूड बॉल कसा खेळायचा

आमच्या लातुरात सकाळी सहाला जे टेनिसचं डबल्स चालतं त्यात एक रिटायर्ड काका आहेत, सत्तरी गाठलेली, पाय फारसे हलत नाहीत, सर्व्हिस म्हणजे नुसती टाकलेली, पण बॉल असा कापतात की आपल्या बाजूला टप्पा पडला की तो उठतच नाही, सरड्यासारखा जमीन धरून पळतो. मी वयाने त्यांच्या निम्मा, फोरहँड दणदणीत, आणि तरी दोन हिवाळे त्यांच्याकडून मार खाल्ला. दरवेळी तेच, आखूड, म्हणजे नेटजवळ टप्पा पडणारा, बॉल दिसला की तोंडाला पाणी सुटायचं, पळत जायचं, घुमवून हाणायचा, आणि बॉल एकतर नेटच्या जाळीत नाहीतर मागच्या तारेवर. काका शांतपणे म्हणायचे, "अरे काय करूलालास, माशी मारूलालास का?"

तर ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी कोच नाही, पण हा एक बॉल मात्र खूप चघळलाय.

आधी हे डोक्यात बसू द्या की आखूड बॉल आणि सोपा बॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमरेइतका उठलेला आखूड बॉल म्हणजे दिवाळी, हाणा बिनधास्त. पण गुडघ्याखाली राहिलेला आखूड बॉल हाणता येतच नाही, आणि हे माझं मत नाही, साधं गणित आहे. नेट मध्यभागी ३ फूट, सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फुटांवर, पलीकडची बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, नेटपासून ३९ फुटांवर. तुम्ही सर्व्हिस लाइनवर आहात, बॉल जमिनीपासून फूटभर वर आहे, तो नेटवरून वीतभर अंतराने काढून पलीकडच्या बेसलाइनच्या आत टाकायचाय. हवेचा अडथळा आणि स्पिन बाजूला ठेवून मी हिशोब मांडला तर साधारण ताशी ७५ किलोमीटरच्या वर गेलात की बॉल बाहेर. तोच बॉल कमरेइतका वर असता तर १०० च्या आसपासही चाललं असतं. म्हणजे नुसती उंची कमी झाली की स्पीडचं बजेट साधारण पंचवीस टक्क्यांनी गेलं, आणि आपण मात्र फोरहँड जुन्याच बजेटने मारतोय. टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी, दिला तर थोडी जास्त सूट मिळते कारण बॉल खाली वळतो, पण तीही मर्यादेतच.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडं तर सगळेच बॉल खाली राहतात. खरंय, आणि त्यात निम्मा हात बॉलचा आणि कोर्टाचा असतो. नियमाने नवा बॉल १०० इंचावरून सोडला तर ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. घरी करून बघा, एक मीटरवरून फरशीवर सोडायचा, अर्धा मीटरसुद्धा येत नसेल तर तो बॉल कुत्र्याला द्या. आमच्यात एक डबा फोडला की तो महिना महिना पुरवतात, वर्गणी काढायची म्हटलं की सगळ्यांना अचानक घरचं काम आठवतं, मग बॉल मेलेले असणारच. त्यात डिसेंबरची सकाळ असली तर अजून बेकार, थंडीत बॉल कमी उसळतो. मे महिन्यात तोच बॉल उन्हात डोक्यावरून जाईल. मुरमाच्या कोर्टावर पाणी मारून नुकतंच रोलर फिरवलेलं असेल तर ओल्या जागी बॉल बसतो. सिमेंटच्या कोर्टाचं दुखणं वेगळं, आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरच्या सिमेंटला भेगा पडतात, आणि भेगेवर टप्पा पडला की देवालाच माहीत. म्हणून खेळायच्या आधी पाच मिनिटं कोर्टावर चक्कर मारा, कुठं ओल आहे, कुठं भेग आहे बघून ठेवा.

बरं आता मूळ मुद्दा. माझ्या मते ह्या बॉलचं ऐंशी टक्के काम रॅकेट हलायच्या आधी होतं. आपण उशिरा निघतो. बॉल नेट ओलांडून आल्यावर "अरे आखूड आहे" असं कळतं, मग धावपळ, मग हात लांबवून कसाबसा लागलेला बॉल. त्याऐवजी समोरच्याकडं बघा. त्याची रॅकेट खांद्याच्या उंचीवरून खाली येतेय, तोंड आकाशाकडं उघडं आहे, म्हणजे स्लाइस, कापलेला बॉल, येणार, खाली राहणार. तो मागं झुकून किंवा पूर्ण ताणून मारतोय, म्हणजे बॉल आखूड पडायची शक्यता जास्त. आवाजही सांगतो, खणकन लागला तर खोल, फस्सकन लागला तर आखूड. त्याने बॉल मारायच्या क्षणी तुमची छोटी उडी, ती स्प्लिट स्टेप, झालेली पाहिजे आणि पहिलं पाऊल पुढंच पडलं पाहिजे. पहिली दोन तीन पावलं मोठी, बॉलजवळ आल्यावर बारीक बारीक, आणि अगदी बॉलच्या मागं न जाता थोडं बाजूला, नाहीतर तो पायात घुसतो.

मग बसायचं. हो, बसायचंच. आपण सगळे कमरेतून वाकतो, पाय ताठ, पाठ कमानीसारखी, डोकं खाली, आणि मग रॅकेटचं डोकं पण खाली लोंबकळतं. रानात खुरपणाऱ्या बाया बघा, दिवसभर वाकून राहिल्या तर संध्याकाळी उठताच येणार नाही, म्हणून त्या बसून खुरपतात, पुढं पुढं सरकत. तसं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ जमेल तेवढी सरळ, डोळे बॉलच्या जवळ. कबड्डी खेळलेल्याला हे शिकवावं लागत नाही, डाव धरताना जे बसतात तेच हे. पुढचा पाय लांब टाकून मागचा गुडघा जमिनीला टेकेल असं वाटेपर्यंत गेलात तरी चालेल. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मात्र हौस करू नका, बॉल सोडून द्या, एका पॉइंटसाठी कोणी लेग पीस गमावत नसतं.

आणि मारून झाल्यावर लगेच ताडकन उभं राहायचं नाही! हे माझं सगळ्यात जुनं दुखणं, बसायचो बरोबर पण बॉल लागायच्या आधीच उठायचो, बॉल उडायचा मागच्या तारेवर. बॉल नेटपर्यंत जाईपर्यंत खालीच राहा, म्हणजे हात आपोआप नीट पुढं जातो.

ग्रिपचं थोडक्यात. टीव्ही बघून ज्यांनी पार खालून धरायची वेस्टर्न ग्रिप घेतलीय त्यांना हा बॉल सगळ्यात जास्त छळतो, कारण त्या ग्रिपमध्ये रॅकेटचं तोंड जमिनीकडं झुकतं, उंच बॉलला झकास, खालच्याला नेट. सेमी वेस्टर्न किंवा ईस्टर्न, म्हणजे एवढी खालून न धरलेली, असेल तर निभतं. स्लाइससाठी मात्र कॉन्टिनेंटल, म्हणजे कुऱ्हाड धरतो तशी, आणि ही पकड पळता पळताच बदलायची, पोचल्यावर बदलू म्हणालात की बॉल गेला.

मारायचे दोनच प्रकार शिका. पहिला, वर उचलून टॉपस्पिन. रॅकेट मागं फार न्यायची नाही, कमरेपलीकडं नको, बॉलच्या खालून सुरुवात आणि वर घासत शेवट खांद्यापाशी. जोर अर्ध्यावर, बॉल नेटच्या हात दीड हात वरून जाऊ द्या. दुसरा, स्लाइस, आणि मला विचाराल तर आपल्यासारख्या हौशी लोकांना हाच जास्त उपयोगी. रॅकेट बॉलपेक्षा थोडी वर, तोंड किंचित उघडं, आणि बॉलमधून पुढं ढकलायचं. कांदा चिरल्यासारखं वरून खाली कचकन मारलं की बॉल तिथंच मरतो, नाहीतर तरंगत जातो आणि समोरचा डोळे मिटून स्मॅश मारतो. भाकरी तव्यावर सरकवून टाकतात तो हात आठवा, तसा सपाट, पुढं जाणारा. मनगट ढिलं नको.

बॅकहँडला तर दोन्ही हातांनी हा बॉल खेळणं म्हणजे शिक्षाच, दुसरा हात असल्यामुळं पोच कमी होते आणि आणखी खाली बसावं लागतं. दुसरा हात सोडा आणि स्लाइस करा, त्यात लाज कसली, स्टेफी ग्राफ बॅकहँडला बहुतेक वेळा स्लाइसच मारायची. फेडरर तर मुद्दाम असा आखूड स्लाइस टाकून समोरच्याला पुढं ओढायचा. आमचे काका मात्र ह्या दोघांना मोजत नाहीत, ते आपले जुने भारतीय खेळाडू रामनाथन कृष्णन यांचं नाव घेतात, १९६० आणि १९६१ ला लागोपाठ विम्बल्डनची सेमीफायनल, तेही गवतावर जिथं बॉल असाच खाली राहायचा, आणि ताकदीवर नाही तर हातातल्या नजाकतीवर. ऐकायला बरं वाटतं.

मारायचा कुठं? बहुतेक वेळा सरळ, लाइनला धरून, खोल. कडेला नेट साडेतीन फुटांपर्यंत चढतं आणि सरळ अंतरही तिरक्यापेक्षा कमी, म्हणून हा शॉट थोडा अवघड आहे हे मान्य, पण मारून झाल्यावर तुम्ही जिथं आहात तिथूनच दोन पावलांत नेटवर योग्य जागी पोचता. क्रॉस, म्हणजे तिरका, मारलात तर अख्खं कोर्ट ओलांडून जागा धरावी लागते आणि तेवढ्यात समोरचा पासिंग मारतो, म्हणजे बाजूने बॉल काढतो. क्रॉस मारायचाच तर अगदी आखूड, तिरका, साइड लाइनच्या बाहेर पळवणारा. ड्रॉप शॉट, म्हणजे नेटपलीकडं अलगद टाकलेला, पण चालतो, समोरचा बेसलाइनच्या मागं असेल आणि तुमचा हात त्या दिवशी चालत असेल तर. आणि नेट नीट आहे ना ते बघा, आमचा नेट मध्ये खाली ओढून धरणारा पट्टा तुटलेला तेव्हा मध्यही वर चढला होता. मोजायला टेप नको, एक रॅकेट उभी आणि तिच्यावर दुसरी आडवी, म्हणजे लांबी अधिक डोक्याची रुंदी, साधारण ३ फूट भरतात.

मारल्यावर मागं पळू नका. अर्ध्यात राहिलात तर पुढचा बॉल थेट पायात येणार, मग हाफ व्हॉली, म्हणजे टप्पा पडता पडताच बॉल उचलणं, करावी लागते. ती आलीच तर काही करायचं नाही, रॅकेट टप्प्याच्या मागं जमिनीलगत धरायची, घट्ट, आणि नुसतं पुढं सरकवायचं, बॅकस्विंग शून्य. पुढं आलात की लोक लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच बॉल, टाकणार हे धरून चाला, काका तर टाकतातच, म्हणून नेटला चिकटून उभं राहायचं नाही, एक दोन पावलं मागंच.

सरावाला मशीन वगैरे लागत नाही. जोडीदाराला नेटपाशी उभं करा, त्याने हाताने, खालून, सर्व्हिस लाइनच्या आत बॉल सरपटवत टाकायचा, तुम्ही बेसलाइनवरून निघायचं. पलीकडच्या कोपऱ्यात बेसलाइनपासून हातभर आत दोन चपला ठेवा. पहिले वीस बॉल फक्त स्लाइस, मग वीस टॉपस्पिन, मग जोडीदाराने न सांगता कधी उंच कधी खालचा टाकायचा, आणि हाणायचा की उचलायचा हे तुम्ही मोठ्याने ओरडून सांगायचं, टप्पा पडायच्या आत. टप्पा पडल्यावर ओरडलात तर तो बॉल मोजायचा नाही. पहिल्या दिवशी माझे वीसपैकी चार मोजले गेले होते.