आधी शेताची गोष्ट, मग बार्न क्विल्ट

कोठाराच्या भिंतीवर टांगलेल्या मोठ्या चौकोनी फळीवर गोधडीचा एकच नमुना रंगवलेला असतो, तो बार्न क्विल्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲडम्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), डॉना स्यू ग्रोव्ह्ज यांनी गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आईच्या सन्मानासाठी ही कल्पना मांडली आणि 2001 साली पहिला चौकोन लागला, 'ओहायो स्टार' नावाच्या चांदणीच्या नमुन्याचा. तिथून हे लोण अमेरिकाभर आणि कॅनडातही पसरलं.

बार्न क्विल्ट करायचं म्हणून लोक माझ्याकडे येतात ते फोनमध्ये नमुना घेऊनच. मी तो बाजूला ठेवायला सांगते. आधी शेताबद्दल बोलू. जमीन कोणी घेतली, काय पिकायचं, दुभती जनावरं किती होती? घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मग काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीत खरेदीखतं पाहा. 1850 ते 1880 च्या अमेरिकी जनगणनांमध्ये शेतीच्या वेगळ्या याद्या आहेत, त्या तर चुकवूच नका. शेतकऱ्याच्या नावापुढे एकर, घोडे, दुभत्या गाई आणि वर्षभरात निघालेलं लोणी, तेही पौंडांत! पणजोबांच्या नावापुढे लोण्याचा आकडा भरघोस दिसला तर 'चर्न डॅश' हा नमुना घ्या, त्याचं नावच लोणी घुसळण्यावरून पडलंय. मका-घेवड्याचं शेत असेल तर 'कॉर्न अँड बीन्स'. आजीने शिवलेली गोधडी पेटीत सापडली, तर मग दुसरं काही शोधूच नका, तिचाच नमुना आणि तिचेच रंग घ्या.

फळी साधी प्लायवुडची नको, पापुद्रे सुटतात. साइनबोर्डवाले वापरतात ती एमडीओ प्लाय (वरून राळेत भिजवलेला गुळगुळीत कागद चिकटवलेली) घ्या. चार बाय आठ फुटांचे दोन तक्ते शेजारी लावले की आठ फुटांचा चौकोन होतो. कडांसकट दोन्ही बाजूंना बाहेरच्या कामाचा प्रायमर दोन हात द्या. पाणी आत शिरतं ते कडांतूनच.

'ओहायो स्टार'ची आखणी सोपी आहे. आठ फूट म्हणजे 96 इंच, त्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग, म्हणजे 32 इंचांची नऊ घरं. चार कोपरे आणि मधलं घर अखंड ठेवा, उरलेल्या चार घरांत फुल्या मारा. वरच्या आणि खालच्या घरात डावा-उजवा त्रिकोण चांदणीच्या रंगाचा. बाजूच्या दोन घरांत वरचा आणि खालचा.

आता सगळ्यात नाजूक काम. आधी सगळीकडे फिकट रंग देऊन पूर्ण वाळू द्या. रेषेवर रंगकामाची टेप लावून कड नखाने दाबत न्या. मग टेपच्या कडेवरून तोच फिकट रंग हलकासा फिरवा. फटीत शिरायचा तो हाच रंग शिरतो आणि गडद रंगाला वाट उरत नाही. तो वाळला की गडद ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. घाईत सरळ वर खेचली तर रंगाची सालं निघतात.

टांगण्याआधी फळीच्या मागे शेताचं नाव, जमीन घेतल्याचं साल आणि नमुना का निवडला ते लिहा. तोच मजकूर कागदावर घरात ठेवा, कारण मागची बाजू पुन्हा दिसणार नाही. मागे लाकडी चौकट ठोकून न गंजणाऱ्या बोल्टांनी कोठाराच्या मूळ सांगाड्यातच पक्की करा, नुसत्या फळ्यांत नको. वजन बरंच असतं. शिडीवर चढू नका, बकेट ट्रक (माणसाला पाळण्यातून वर उचलणारा ट्रक) मागवा.