चेकसम जुळला, तरी बोर्ड मूळ नव्हता

आपण सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत आलो, त्या कॅपकॉमच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ या आर्केड व्हिडिओ गेमचा मूळ बोर्ड (यंत्रातले सर्किट) समजून मी एकोणीस हजार रुपये मोजले, आणि आठव्या दिवशी मला कळले की तो बोर्ड जन्माने ‘स्लॅम मास्टर्स’ या कुस्तीच्या खेळाचा होता. माझे रत्नागिरीत टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान असून सोल्डरिंगला मी नवखा नाही, तरीही फसलो. जामा कनेक्टर (बोर्ड यंत्राला जोडणारा ठरावीक जोड) काय असतो किंवा ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी माहिती-चिप) कसा वाचतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरूनच मी पुढचे लिहीत आहे.

नकली बोर्डांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. कॅपकॉमच्या सीपीएस-ए आणि सीपीएस-बी या खास चिपा बहुतेक नकलांवर नसतात आणि त्यांच्या जागी साध्या लॉजिक आयसींची दाटी असते. मुस्तफाच्या काही नकलांमध्ये क्यू-साउंड या आवाज-यंत्रणेची जागा एका साध्या ओकी आवाज-चिपने घेतलेली असते, त्यामुळे खेळ सुरू होताच कान सावध होतात. रूपांतरित बोर्डाचे तसे नाही. तो कॅपकॉमचाच असतो, त्यावरच्या खास चिपाही कॅपकॉमच्याच असतात. फक्त कोणीतरी मधल्या काळात एका खेळाच्या रॉम (खेळाची माहिती साठवलेल्या चिपा) काढून दुसऱ्या खेळाच्या बसवलेल्या असतात.

आता माझी चूक. विक्रेत्याने बोर्ड दाखवताच मी प्रोग्रॅमचे तिन्ही ईप्रॉम काढून प्रोग्रॅमरवर वाचले, त्यांचे चेकसम (साठवलेल्या माहितीवरून निघणारे पडताळणीचे आकडे) संगणकावर जुने आर्केड खेळ चालवणाऱ्या ‘मेम’ इम्युलेटरच्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि तिन्ही अक्षरशः जुळल्याचे पाहून तिथेच पैसे दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्यानंतर माझ्याच ओळखीचे दोघे याच खड्ड्यात पडले. चेकसम जुळतो याचा अर्थ चिपेत साठवलेली माहिती बरोबर आहे, एवढाच होतो. रूपांतर करणाऱ्याने ती माहिती मूळ खेळातूनच उतरवलेली असते, म्हणून काम जितके नीटस, तितका चेकसम चोख जुळणार. चेकसमने नकली बोर्ड पकडला जाऊ शकतो, कारण नकलेत प्रोग्रॅम सहसा बदललेला असतो. रूपांतरित बोर्ड त्याने पकडला जात नाही, उलट त्याला प्रशस्तिपत्रक मिळते. मी ते प्रशस्तिपत्रक स्वतःच्या हाताने लिहिले.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. काचेची खिडकी असलेला ईप्रॉम दिसला की बोर्ड खोटा, असे छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. मुस्तफाच्या मूळ बोर्डावरही प्रोग्रॅम ईप्रॉममध्येच असतो आणि त्यावर कागदी लेबल असते. चित्रांच्या रॉम मात्र मास्क रॉम, म्हणजे कारखान्यातच माहिती भरून आलेल्या चिपा, असतात आणि ‘सीडी’ने सुरू होणारा क्रमांक थेट चिपेच्या पाठीवर छापलेला असतो. म्हणून ईप्रॉम आहे की नाही हे विचारू नये, तो कोणत्या जागेवर आहे ते पाहावे. चित्रांच्या जागी लेबल लावलेले ईप्रॉम दिसले, तर हात आखडता घ्यावा.

मला सत्य कळले ते धूळ झाडताना. मुस्तफाच्या आवाजाचे नमुने चार रॉममध्ये मावतात, स्लॅम मास्टर्सला मात्र आठ लागतात. माझ्या बोर्डावर दुसरी ओळ भरलेली होती आणि तिच्यावर ‘एमबी’ ही स्लॅम मास्टर्सची खूण छापलेली होती. त्या चारही रॉम खेळ कधी वाचतच नव्हता, म्हणून रूपांतर करणाऱ्याने त्या काढण्याचे कष्ट घेतले नव्हते. मग बी-बोर्डावर, म्हणजे रॉम बसवलेल्या थरावर, १ए या जागेवरची पॅल चिप पाहिली. चित्रांच्या रॉमचे पत्ते हीच चिप लावून देते, आणि ती खेळागणिक वेगळी असते: मुस्तफासाठी ‘सीडी६३बी’, स्लॅम मास्टर्ससाठी ‘एमबी६३बी’, पनिशरसाठी ‘पीएस६३बी’. माझ्याकडे त्या जागी बिनलेबलाची गॅल चिप (पॅलच्या जागी चालणारी, पुन्हा लिहिता येणारी) होती, आणि तिच्यावरच्या तारीख-कोडातले वर्ष खेळाच्या वर्षाच्या कितीतरी पुढचे होते. हा कोड चार आकड्यांचा असतो, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. तो वाचायला दहा सेकंद लागतात, आणि मी ते दहा सेकंद दिले नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर मात्र यातल्या प्रत्येक खुणेकडे थोडे सबुरीने पाहावे लागते. खाऱ्या वाऱ्याने आयसीचे पाय काळे पडतात आणि सॉकेटमध्ये हिरवट गंज धरतो, त्यामुळे मालवण-देवगडकडून आलेल्या अगदी सच्च्या बोर्डावरही बदललेले सॉकेट आणि हाताचे सोल्डरिंग दिसते. मुस्तफाच्या आवाजाचा प्रोग्रॅम सांकेतिक केलेला (एन्क्रिप्टेड) प्रोग्रॅम वाचणाऱ्या कबुकी या प्रोसेसरवर चालतो आणि त्याची किल्ली बॅटरीवर टिकून असते. बॅटरी मेली की किल्ली पुसली जाते, म्हणून कित्येक मूळ बोर्डांवर साधा झेड-८० प्रोसेसर आणि उलगडलेला प्रोग्रॅम बसवून दुरुस्ती केलेली असते. ती दुरुस्ती आहे. तेवढ्यावरून विक्रेत्याला खोटा ठरवू नये. मी एकदा ठरवले होते, आणि तो गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाही.

फोटोवरून निकाल देणाऱ्या जाणकारांवर माझा विश्वास राहिलेला नाही. ज्यांच्याकडून मी थोडेफार शिकलो, ते वयस्कर मेकॅनिक बोर्डाचे थर सुटे केल्याशिवाय अवाक्षर काढत नसत, आणि शिकवतानाही उत्तर न देता भिंग हातात देत. तेव्हा त्यांचा राग यायचा. तसे कोणी भेटले तर त्यांच्याकडे फुकट झाडू मारायलाही जावे. कोणी भेटले नाही, तरी घाबरू नये: पाच-सहा बोर्ड स्वतः उघडून, प्रत्येक चिपेवरचे अक्षर वहीत उतरवून घेतले, की नजर बसते.

तो बोर्ड मी ठेवला नाही. ‘स्लॅम मास्टर्सवरून रूपांतरित’ अशी चिठ्ठी बी-बोर्डाच्या खालच्या बाजूला चिकटवून अकरा हजारांना विकला. घेणाऱ्याने चिठ्ठी वाचली, हसला, आणि विचारले, “मुस्तफा चालतो ना पण?” चालतो, असे मी सांगितले.