वर्तनसमस्या असलेल्या मुलाच्या घराला मदत करताय? या चुका टाळा

"दुर्लक्ष करून झालं, चांगलं वागला की स्टार द्यायचा तक्ता करून झाला, फरक शून्य." घरच्यांचं हे वाक्य कानावर पडलं की नवशिका समुपदेशक लगेच तिसरा उपाय काढतो. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. किती दिवस केलं? आणि कुठल्या दिवशी, नेमकं काय झालं म्हणून सोडलं? उपाय बऱ्याचदा बरोबर असतो, पण चुकीच्या संध्याकाळी सोडलेला असतो.

थयथयाट वाढला म्हणून माघार

नेहमीचं चित्र घ्या. आठ वर्षांचा मुलगा, रात्री मोबाइल काढून घेतला की आदळआपट. सल्ला मिळतो, "रडू दे, पण द्यायचा नाही." सोमवारी वीस मिनिटं आरडाओरडा. मंगळवारी पस्तीस. बुधवारी दारावर लाथा, खुर्ची उलटी, आणि पन्नासाव्या मिनिटाला आजीला बघवत नाही. ती मोबाइल त्याच्या हातात ठेवते. घर क्षणात शांत.

त्या क्षणी दोघंही काहीतरी शिकले. मुलगा शिकला की वीस मिनिटांत भागत नाही, पन्नास लागतात. आजी शिकली की मोबाइल दिला की शांतता मिळते. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुटुंबांच्या घरी जाऊन केलेल्या निरीक्षणांत हाच सापळा दिसला: बक्षीस दोन्ही बाजूंना मिळतं, म्हणून दोन्ही बाजू तेच पुन्हा करतात. आजीला बोल लावण्यात अर्थ नाही. बुधवार असा असेल हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हमखास मिळणारी गोष्ट बंद झाली की वागणं पुष्कळदा आधी उसळतं, मग ओसरतं. लिफ्ट येत नसली की आपणही बटण चारदा दाबतो, तसंच. आणि चार दिवस नाही म्हणून पाचव्या दिवशी देणं हे रोज देण्यापेक्षा वाईट, कारण कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीचा नाद जास्त चिवट असतो.

म्हणून आमची रीत अशी. सुरुवातीचा आठवडा घरच्यांसोबत ठरवायचा. परीक्षा, पाहुणे, प्रवास असलेला आठवडा बाद. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकत्र बसवून एकच वाक्य ठरवायचं, "वेळ संपली, उद्या मिळेल", आणि ते एकदाच म्हणायचं. फुटणाऱ्या वस्तू आधीच हलवायच्या. थयथयाट किती मिनिटं चालला हे रोज कागदावर लिहायचं, कारण दमलेल्या माणसाला प्रत्येक रात्र सारखीच वाटते आणि पन्नासाची तीस झालेली कळतही नाही. आवाज थांबून एखादा मिनिट झाला की लगेच मुलाकडे वळायचं, साधं काहीतरी बोलायचं. झालेल्या प्रकाराचा हिशेब काढायचा नाही. काही आठवड्यांनी एखाद्या रात्री जुना प्रकार पुन्हा उफाळतो. तेव्हाही तेच वाक्य, तीच रीत.

आणि एवढं पेलण्याची ताकद या महिन्यात घरात नसेल, तर सुरूच करू नका. पन्नासाव्या मिनिटाला देण्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला शांतपणे दिलेलं परवडतं. हे ऐकून कडक शिस्तवाले नाराज होतात. होऊ देत.

यातच दडलेली आणखी एक चूक म्हणजे सरसकट दुर्लक्ष. गृहपाठ पुढे आला की ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर गृहपाठ टळतो, म्हणजे त्याला हवं तेच मिळतं. भीतीने थरथरणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या किंवा दुसऱ्याला मारणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करायचंच नसतं. म्हणून आधी एक आठवडा नुसती नोंद: वेळ, त्याआधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. चार रकाने पुरतात. "उगाचच चिडतो" म्हणणाऱ्या घरांतही आठवड्याभरात एखादी ठरावीक वेळ किंवा ठरावीक कारण वर येतं. ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून गाळली जाते, आणि मग महिनाभर अंधारात तीर मारणं चालतं.

स्टारचा तक्ता, पण रविवारी बक्षीस

तक्त्यावर लिहिलेलं असतं "चांगलं वागणं". म्हणजे काय, हे आईला एक वाटतं, वडिलांना दुसरं, मुलाला काहीच नाही. बक्षीस आठवड्याच्या शेवटी. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलाला रविवार म्हणजे पुढचं वर्ष. मंगळवारी दोन स्टार गेले की बुधवारपासून तो तक्त्याकडे बघतही नाही, आणि घरचे म्हणतात, "याला बक्षिसाचंही काही नाही."

एकच वागणं निवडा, डोळ्यांना दिसणारं, मोजता येणारं. पाच हाका मारल्यावर उठत असेल तर पहिलं उद्दिष्ट तीन हाका. पहिल्या हाकेवर उठणं ही महिन्याभराने बघायची गोष्ट. पहिल्या आठवड्यात पाचपैकी चार वेळा तरी त्याला जमेल इतकं सोपं ठेवा. बक्षीस त्याच दिवशी, आणि ते खेळात सोबत बसणं असलं तरी चालतं. मिळवलेला स्टार कधीही काढून घेऊ नका. सोबत तोंडाने नेमकं कौतुक हवं: "दुसऱ्या हाकेला उठलास". नुसतं "शाब्बास" विरून जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

भेटीच्या शेवटी दहा सूचना देऊ नका. एक द्या. घरी परतल्यावर कुणी दहा करत नाही, आणि न जमलेल्या नऊ गोष्टींची शरम पुढच्या भेटीला यायला अडवते.

"अभ्यासाला बसतोस का?" हा प्रश्न आहे, त्याला "नाही" हे उत्तर चालतं. "वही उघड" म्हणा, पाच सेकंद गप्प राहा.

भडका उडालेला असताना समजावणं वाया जातं. ते दुसऱ्या दिवशी.

एकट्या आईला शिकवून पाठवणं. ती घरी जाऊन तिघांना शिकवणार, आणि तिघं तिलाच चुकीची ठरवणार.

भावंडांना विसरणं. रोज दहा मिनिटं फक्त त्या भावंडासाठी, आणि त्यात त्रास असलेल्या मुलाचा विषय नको.

झोप, घोरणं, ऐकू येणं, वाचताना अडखळणं, शाळेतला छळ हे न तपासता "हट्टी" ठरवणं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. ती सात तासांवर आली असेल तर आधी तीच दुरुस्त करा. मुलांमधलं नैराश्य पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसतं, हेही ध्यानात असू द्या.

औषध चार दिवसांत "लागू पडलं नाही" म्हणून बंद करणं. एडीएचडीसाठीच्या मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसू शकतो, नैराश्यासाठीच्या फ्लुओक्सेटिनला काही आठवडे लागतात. क्लोनिडीन (मूळ रक्तदाबाचं, एडीएचडीतही दिलं जाणारं औषध) एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळू शकतो. डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे डॉक्टरांना विचारूनच.

मुलगा "मरून जावंसं वाटतं" म्हणाला आणि मोठ्यांनी विषय बदलला, ही मात्र एका ओळीत सोडायची चूक नाही. सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का, कसा, कधी? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "नाटक करतोय" हा निष्कर्ष काढण्याचं काम घरच्यांचं नाही आणि तुमचंही नाही.

शेवटची चूक मदत करणाऱ्याची: पुढची भेट पंधरा दिवसांनी, मध्ये शुकशुकाट. घराने सोमवारी सुरुवात केली असेल तर बुधवारी रात्री फोन करा. पाच मिनिटं पुरतात. "आज किती मिनिटं?" एवढंच विचारा, आणि पन्नास म्हणाले तर सांगा की हेच अपेक्षित होतं, उद्याही तेच वाक्य म्हणा.