एइर या देवीच्या नावाचे मूळ कसे शोधावे

नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांतील एखाद्या गौण देवीच्या नावाचे मूळ शोधायचे असेल, तर ती जुन्या साहित्यात कोठे आढळते, हे आधी पाहावे. एइर हिचेच उदाहरण घ्या. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्या १३व्या शतकातील ‘गद्य एड्डा’ या नॉर्स पुराणकथांवरील ग्रंथामध्ये तिला सर्वश्रेष्ठ वैद्य म्हटले आहे, तर ‘फ्योल्स्विन्समाल’ या काव्यात ती काव्याची नायिका मेंग्लोड हिच्या गुडघ्यांपाशी बसलेल्या कुमारिकांपैकी एक आहे.

त्यानंतर कोश उघडावा आणि शब्दाचे लिंग अवश्य तपासावे. प्राचीन नॉर्समधील स्त्रीलिंगी ‘एइर’चा अर्थ दया, शांती असा आहे आणि देवीचे नाव सामान्यतः त्याच्याशीच जोडले जाते; तांबे किंवा पितळ या अर्थाचा नपुंसकलिंगी ‘एइर’ मात्र वेगळा असून, संस्कृत ‘अयस्’ (धातू, लोखंड) हा त्याचा सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेला शब्द आहे. पुण्यात भांडारकर संस्थेच्या किंवा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात संस्कृत कोश चाळणाऱ्याला ‘अयस्’ पाहून देवीचा धातूशी संबंध लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, म्हणूनच ही खबरदारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

टिपणे काढताना मूळ ग्रंथांतील उल्लेख आणि आधुनिक अभ्यासकांचे तर्क वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.