खेळात हॅकिंग घालताय? आधी एवढं करा

हे रोल-प्लेइंग खेळाबद्दल आहे: टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. फासे, कागद, पेन्सिली हे सांगायला नको. नियम मोबाइलवर ठेवू नका, कागदावर उतरवा. खेड्यात रात्री लाइन गेली की खेळ तिथंच थांबतो.

सगळ्यात आधी हे लिहून काढा: हॅकर फासे टाकत असताना बाकीचे काय करतात? मागच्या खेपेला हेच राहिलं. हॅकर कापसाच्या जिनिंगच्या सर्व्हरमध्ये शिरली आणि उरलेले सगळे शेंगा फोडत बसले. ही खोड जुनी आहे. १९९० च्या 'सायबरपंक २०२०' या अशाच खेळातही नेटरनरचा, म्हणजे हॅकरचा, खेळ बाकीच्यांपासून वेगळा पडायचा. नंतरच्या 'सायबरपंक रेड' ने त्याला अ‍ॅक्सेस पॉइंटपासून, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरायच्या जागेपासून, ६ मीटरच्या आत आणून उभं केलं. हे डोळे मिटून उचला. हॅकर घरी बसून नाही, जिनिंगच्या भिंतीला टेकून काम करेल. मग चौकीदाराला बोलण्यात गुंतवायला, कुत्री आवरायला बाकीचे लागतातच.

आता फाशांचं गणित. प्रत्येक पायरीला यशाची शक्यता ७० टक्के धरली आणि पासवर्ड, फायरवॉल, फाइल अशा तीन पायऱ्या लावल्या, तर शेवटी ३४ टक्केच उरते. पाच लावल्या तर १७. म्हणून फासा एकदाच. फसला तर 'काही झालं नाही' असं कधीच म्हणू नका. आत शिरू द्या, पण कोणाला तरी सुगावा लागू द्या. सुगावा लागला की बाकीच्यांना काम मिळतं. बाकीच्यांना काम, हे विसरू नका!

लक्ष्य गावातलंच घ्या: बाजार समितीचा वजनकाटा, ओलिताच्या विजेचा फीडर, संत्र्याचं कोल्ड स्टोरेज. नेट नसलेली यंत्रणा तर उत्तमच. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हवरून पसरत होता. पेनड्राइव्ह आत नेणारा हा दुसरा खेळाडू. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनची वीज हॅकरांनी पाडली, त्याची सुरुवात फसव्या मेलने झाली होती. वीज परत आणायला माणसांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर चालू केले. मेल लिहिणारा, सबस्टेशन गाठणारा, असे खेळाडू इथेही मोजा.

चिपांच्या किमती, प्रोग्रामची नावं एका पानात आटपा. खऱ्या कोडिंगचे धडे नकोत.

चाचणीला फक्त हॅकिंगचा प्रसंग खेळा, घड्याळ लावून. कोणी दोन मिनिटं रिकामा बसला की तो नियम कापा. शेवटी सगळ्यात गप्प राहिलेल्याला विचारा, "तू तवा काय करत होता गड्या?" हॅकरला विचारायची गरज नाही.